संघर्षाचे अर्थशास्त्र

संघर्षाचे अर्थशास्त्र : गरीब देशांतील यादवी, बंडे व सशस्त्र टोळ्यांचा शेती, मजुरी, शिक्षण आणि करवसुलीशी असलेला संबंध मोजणारी विकासाच्या अर्थशास्त्राची शाखा. वर्षात लढाईतले २५ मृत्यू झाले की ‘संघर्ष’ आणि १,००० झाले की ‘युद्ध’, असा संकेत सर्वसाधारणपणे पाळतात.

गरिबीतून लढाई उपजते आणि लढाईतून गरिबी. नुसते आकडे शेजारी मांडून आधी काय घडले ते कळत नाही. त्यासाठी उत्पन्न हलवणारे, पण लढाईच्या हाती नसलेले कारण शोधावे लागते. मिगेल, सत्यनाथ व सर्जेंटी या अभ्यासकांनी २००४ मध्ये पाऊस निवडला. आफ्रिकेतील ४१ देशांच्या १९८१–९९ मधील माहितीवरून त्यांनी दाखवले की आर्थिक वाढीचा दर ५ टक्के-बिंदूंनी घसरला, तर पुढच्या वर्षी संघर्षाची शक्यता दीडपट होते. शेतीत मजुरी उरली नाही की हत्यार उचलणे स्वस्त पडते. मात्र पाऊस रस्ते बंद करतो, जमाव घरी बसवतो. म्हणजे तो उत्पन्नाला वगळूनही लढाईवर परिणाम करू शकतो. धरणाच्या पाण्यावरील भारतीय जिल्ह्यांत उत्पन्न पावसावर फारसे हलत नसतानाही पावसाचा दंगलींशी संबंध दिसला (सार्सन्स, २०१५). ही हरकत गंभीर आहे.

बाजारभावांचेही तसेच. कोलंबियात कॉफीचे भाव पडले तेव्हा कॉफीच्या भागात हिंसा वाढली. खनिज तेलाचे भाव चढले तेव्हा मात्र तेलाच्या भागात वाढली. कॉफी मजुराच्या हाताला काम देते, तेल लुटण्याजोगा पैसा देते.

इंदूरकरांना ही यंत्रणा परकी वाटू नये. माळव्यात १८१८ पूर्वीच्या धामधुमीला ‘गर्दी का वख्त’ म्हणत. फौजेचे पगार थकत, शिपाई धरणे धरत, मग मुलूखगिरीतून भरपाई होई. पेंढारी तर लुटीवरच जगत. दसऱ्यानंतर नद्यांना उतार मिळाला की ते बाहेर पडत. गावे ओस पडली की वसुली घटे आणि पगार आणखी थकत. इंग्रजांनी होळकरांना हरवलेली २१ डिसेंबर १८१७ ची महिदपूरची लढाई व जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तह यांनंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि त्यांचे दिवाण तात्या जोग यांनी खर्च आवरून दौलतीची घडी बसवली. पठाण सरदार अमीरखानाला टोंक मिळाले, पेंढाऱ्यांचा म्होरक्या करीमखानाला गोरखपूरकडे जमीन. लढणाऱ्याला दुसरी उपजीविका देण्याचा उपाय आजही हाच आहे.

या उजाडपणाचे सर्वांत विस्तृत वर्णन ब्रिटिश सेनानी जॉन माल्कमचे, म्हणजे जिंकणाऱ्याचे. ते परगण्यांच्या मोडी हिशेबांशी ताडूनच वापरावे. आजच्या अभ्यासातली चूकही याच जातीची : घटना वृत्तपत्रांतून मोजल्या की बातमीदार न पोहोचणारा मुलूख शांत दिसतो आणि पाहणीत जिवंत राहिलेलेच भेटतात. उत्तर युगांडात ब्लॅटमन व अ‍ॅनन यांनी म्हणूनच १९९६ सालची कुटुंबे नोंदून तेव्हाच्या मुलांचा माग काढला. बंडखोरांनी पळवून नेलेल्यांचे शिक्षण जवळजवळ एक वर्षाने आणि कमाई सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरली.