आपत्तीत झालेला खर्च महापालिका नंतर भरते कुठून? थोडं मागचं
सोलापुरात दुकान किंवा कारखाना असेल तर मिळकत कराचं बिल एकदा नीट वाचा, त्यात रोजगार हमी उपकर दिसेल. तो थेट बहात्तरच्या दुष्काळाशी जोडलेला आहे. आपल्या जिल्ह्यातली म्हातारी माणसं अजून सांगतात, खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. ती दुष्काळी कामं पुढं कायमची रोजगार हमी योजना झाली, पैसा लागला, म्हणून १९७५ ला व्यवसाय कर आला, जो आजही पगारातून महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे कापला जातो. मला हे पटतं, कारण कायदा करून, नाव सांगून घेतलेला पैसा आहे.

महापालिकेला मात्र असा नवा कर मनानं लावता येत नाही. अंदाजपत्रक कागदावर शिलकीच दाखवावं लागतं, मग तूट जाते कुठं? तर ती देण्यात, म्हणजे न भागवलेल्या बिलांत जाते.

कोरोनात हेच झालं. महापालिका कायद्याच्या कलम ६७ नुसार साथ किंवा अचानक संकट आलं की आयुक्त आधी खर्च करू शकतात, स्थायी समितीला आणि सभेला नंतर कळवायचं. ते बरोबरच आहे, पेशंट दारात असताना टेंडरची वाट कोण बघणार. पण तेव्हाच ४ मे २०२० ला राज्यानं विकासाच्या खर्चाला ३३ टक्क्यांची मर्यादा घातली, नवीन कामं बंद, म्हणजे खर्च वाढलेला आणि वरून येणारा पैसा आटलेला.

पूर्वी जकात होती तेव्हा नाक्यावर रोज रोकड जमायची, अडीनडीला हाताशी असायची. मग जकात गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, ऑगस्ट २०१५ पासून तीही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली आणि जुलै २०१७ पासून जीएसटीमुळं बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्याकडून येते, दरवर्षी ८ टक्के वाढीनं. पगार भागतात त्यावर, पण संकट काय ८ टक्क्यांच्या हिशोबानं येतंय का.

कर्जाचा रस्ता जुना आहे. स्थानिक संस्थांच्या कर्जाचा १९१४ चा कायदा बघा, त्यात दुष्काळ आणि साथरोग ही कर्ज काढायची कारणं म्हणून सरळ लिहिलीयत, प्लेग बघितलेल्या माणसांनी केलेला कायदा तो. पण कर्जाला सरकारची मंजुरी लागते आणि हप्ता फेडायला स्वतःचं उत्पन्न लागतं. म्हणून मग एका हेडचा, म्हणजे एका कामासाठी ठेवलेला, पैसा दुसऱ्याकडं वळवणं, नाहीतर शास्ती (कर उशिरा भरल्याचा दंड) माफ करून थकबाकी गोळा करणं. शास्ती महिन्याला २ टक्के, ती माफ झाली की वेळेवर भरणाऱ्याला आपण येडे ठरलो असं वाटतं.

आणि सगळ्यात सोपा उपाय, बिलं थांबवणं. माझ्या ओळखीतल्या एकानं साथीच्या काळात एका सरकारी केंद्राला गाद्या आणि चादरी दिल्या, सूतवाल्याचे पैसे स्वतः भागवले, आणि नंतर फायलीवर शेरा काय, तर ‘निधी उपलब्धतेनुसार’. त्या दोन शब्दांवर त्याचे दोन माग विकले गेले. तूट फिटली म्हणतात ती अशी, दुसऱ्याच्या घरात ढकलून.

नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक आले, त्यामुळं जुनी देणी फेडायच्या त्या वर्षांत कोणाचं बिल आधी, कोणाचं नंतर, हे सभागृहात विचारायला निवडून आलेलं कुणीच नव्हतं.