पाय फेंगडे दिसतात? ब्रेसचं माप देण्याआधी हे वाचा

परळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे बरेच पालक दीड-दोन वर्षांचं मूल कडेवर घेऊन येतात आणि आल्या आल्या विचारतात, "याचे बूट कधी मिळतील?" यातल्या बहुतेक मुलांना बूट लागत नाहीत, कॅलिपर लागत नाही आणि पट्टाही लागत नाही. या वस्तू, म्हणजे हातापायाला बाहेरून आधार देणारे ब्रेस, बनवण्यावरच आमचं पोट आहे, तरी हे आधीच सांगितलेलं बरं.

बाळ जन्मतंच मुळी बाकदार पाय घेऊन. उभं राहायला लागलं की गुडघ्यांमधली फट नजरेत भरते आणि घरात काळजी सुरू होते. साधारण दीड ते दोन वर्षांपर्यंत पाय सरळ होत येतात आणि मग चक्क उलट्या बाजूला झुकतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे एकमेकांना टेकतात, घोटे मात्र लांब राहतात. बालवाडीच्या रांगेकडे नीट बघा, असे पाय बरेच दिसतील. सातव्या वर्षाच्या आसपास ते मोठ्या माणसासारखे होतात. हा सगळा प्रवास औषधाशिवाय आणि बुटांशिवाय होतो. टाचेखाली तिरकी पट्टी लावलेल्या 'स्पेशल' बुटांनी तो लवकर होत नाही. कोणी तसं सांगून बूट विकत असेल, तर पैसे जपून ठेवा.

लंगोट जाड बांधल्याने किंवा कडेवर घेतल्याने पाय फेंगडे होत नाहीत. मालिशवाल्या मावशींनी पाय ओढले नाहीत म्हणूनही होत नाहीत. मालिश खुशाल करा, बाळ शांत झोपतं. फक्त हाड सरळ करायच्या नावाखाली घोट्याला धरून ओढणं किंवा दोन्ही गुडघे फडक्याने आवळून बांधणं बंद करा.

घरी बघायचं असेल तर मुलाला पाठीवर झोपवा. दोन्ही घोटे जुळवा, गुडघ्याच्या वाट्या छताकडे असू द्या आणि गुडघ्यांमधलं अंतर मोजपट्टीने घ्या. दर तीन महिन्यांनी त्याच जागी उभं करून समोरून एक फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा या फोटोंचा उपयोग जास्त होतो. अंतर सहा सेंटिमीटरच्या पुढे असेल, दोन वर्षांनंतर कमी व्हायचं सोडून वाढत असेल, एकच पाय वाकत असेल, मूल लंगडत असेल किंवा वयाच्या मानाने फारच बुटकं असेल, तर आमच्याकडे न येता आधी लहान मुलांच्या अस्थितज्ज्ञांकडे जा.

अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन गोष्टी तपासतात. पहिली मुडदूस. ड जीवनसत्त्व कमी पडलं की वाढणारं हाड मऊ राहतं आणि अंगाच्या वजनाने वाकतं. मनगटं रुंद दिसतात, दात उशिरा येतात. मुंबईत ऊन भरपूर, पण टॉवरच्या सावलीतल्या खोलीत वाढणाऱ्या बाळाच्या अंगाला ते लागत नाही. आईच्या दुधातही हे जीवनसत्त्व कमीच असतं. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. मुडदूस रक्ततपासणीत आणि मनगट-गुडघ्याच्या एक्स-रेत कळतो. उपचार सुरू झाला की लहान मुलांचे पाय पुष्कळदा आपोआप सरळ होत जातात, त्याला काही महिने ते वर्ष-दोन वर्षं लागतात. औषध न देता नुसता ब्रेस घातला तर काहीच साधत नाही. आणि घरात मोठ्यांसाठी आणलेली ६०,००० युनिटची पाकिटं मुलाला आपल्या मनाने देऊ नका. रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर बेततं.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्लाउंटचा आजार. गुडघ्याखालच्या हाडाची आतल्या बाजूची वाढ खुंटते आणि बाहेरची चालू राहते, त्यामुळे पाय वाकतच जातो. लवकर चालायला लागलेल्या, वजनदार मुलांमध्ये हा जास्त दिसतो. तीन वर्षांच्या आत सापडला तर मांडीपासून पावलापर्यंतचा ब्रेस डॉक्टर सुचवू शकतात, तो आम्ही बनवतो. चौथ्या वर्षानंतर ब्रेसवर वेळ घालवण्यात अर्थ नाही, तिथे शस्त्रक्रियेचाच विचार होतो. मोठ्या मुलांमध्ये, वाढ शिल्लक असेपर्यंत, गुडघ्याजवळ छोटी प्लेट बसवून एका बाजूची वाढ रोखतात आणि पाय हळूहळू सरळ करतात. चिठ्ठीवर 'जेनू व्हॅरम' लिहिलं असेल तर घाबरू नका, ते फेंगड्या पायांचं डॉक्टरी नाव आहे. गुडघ्याखालचा पाय आत वळलेला, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या मुलांना ब्रेस खरोखर लागतो आणि ज्यांच्यासाठी आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेली बाळं. चिठ्ठीवर 'सीटीईव्ही' किंवा 'क्लबफूट' असतं. साधारण हजारात एका बाळाला हे असतं, निम्म्या वेळा दोन्ही पावलांना. आयोवा विद्यापीठातल्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटींच्या पद्धतीने आठवड्याला एक अशी पाच-सहा प्लास्टरं लागतात. बहुतेक बाळांची टाचेमागची शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला जोडणारी) बारीक छेद देऊन मोकळी करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. पाऊल सरळ झालं की घरच्यांना वाटतं, सुटलो! खरं काम तिथून पुढे आहे. दांडीवर बसवलेले दोन बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, म्हणजे आंघोळीपुरते सोडून कायम घालायचे. मग रात्री आणि दुपारच्या झोपेत, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. पाऊल पुन्हा वळतं ते बहुतेक वेळा ब्रेस सुटल्यामुळे. लग्नाला गावी जायचंय म्हणून काढला, रडतंय म्हणून आजीने काढला, आणि मग पुन्हा प्लास्टरची फेरी. आजीला आमच्याकडे जरूर घेऊन या, आम्ही तिलाच घालायला शिकवतो.

घालताना गुडघा वाकवा. जास्त वळलेलं पाऊल आधी बुटात सरकवा. टाच खाली दाबून धरा आणि मधला पट्टा सगळ्यात आधी घट्ट करा. बुटाच्या मागच्या बाजूला भोक आहे, त्यातून टाच दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पाऊल बसलेलं नाही, पट्टा सोडून पुन्हा घाला. टाचेच्या मागे लालभडक डाग उठला तर लोक बूट सैल करतात. तिथेच गडबड होते! असा डाग बहुधा बूट ढिला असल्यामुळे, टाच आत वर-खाली घासल्यामुळे येतो. डागावर क्रीम लावू नका, कातडी मऊ पडून सोलते. फोड आला तर त्याच दिवशी फोन करा. पहिले दोन-तीन दिवस बाळ रडेल. दांडी धरून दोन्ही पाय एकदम वाकवायचं-सरळ करायचं खेळवा, मग त्याला दोन्ही पाय मिळून हलतात हे कळतं. लोकलमध्ये शेजारच्या बाई विचारणारच, "काय झालं हो बाळाला?" कंटाळा आला तर दांडीवर ओढणी टाका.

पावसाळ्यात बूट भिजले तर कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा. गॅसवर किंवा इस्त्रीने नाही, चामडं कडक होऊन तडकतं. सुती मोजे दोन-तीन जोड जास्त ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, तेव्हा आमच्याकडे पैसे भरण्याआधी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात मोफत ब्रेसबद्दल विचारा.

पायांसारखाच हातही वाकडा होऊ शकतो, म्हणून कोपराचं थोडक्यात. सोसायटीच्या घसरगुंडीवरून पडून कोपराच्या वर हाड मोडलं आणि ते चुकीचं जुळलं, तर हात आत वळलेला राहतो. हात वाकतो, कामही करतो, दिसायला मात्र वाकडा. कुठलाही ब्रेस तो सरळ करत नाही, हाड कापून पुन्हा बसवावं लागतं. म्हणून मोडलेलं कोपर हाडवैद्याकडे नेऊ नका. आणि बांधलेल्या हाताची बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा बोटं हलवताना मूल किंचाळलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

मोठ्यांच्या गुडघ्याची गोष्ट वेगळी आहे. साठीनंतर काहींचे पाय फेंगडे होत जातात, कारण गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा झिजते. चाक तिरकं असलेल्या रिक्षाचा टायर जसा एकाच कडेने झिजतो, तसंच हे. पाय जितका वाकतो तितका भार आत जातो आणि झीज वाढते. भार बाहेरच्या बाजूला ढकलणारा 'अनलोडर' ब्रेस चालताना दुखणं कमी करू शकतो. पाय सरळ करत नाही आणि कूर्चा परत आणत नाही. मेडिकलमध्ये मिळणारा ताणणारा गुडघ्याचा पट्टा ऊब आणि आधार देतो, भार हलवत नाही. दोन्हींच्या किमतीत बराच फरक आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. साडीखाली ब्रेस नीट बसतो, चुडीदारात बसत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना तो काढावा लागतो. मांडी फार जाड असेल तर तो खाली घसरतो, हे आम्ही माप घेतानाच सांगतो. गुडघा खूपच वाकला असेल तर सर्जन हाडाचा कोन बदलण्याची किंवा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया सुचवतील. तिथे ब्रेससाठी हट्ट धरू नका.

माप द्यायला येताना डॉक्टरांची चिठ्ठी, उभं राहून काढलेला एक्स-रे (आडवं झोपून काढलेल्यात कोन नीट कळत नाही) आणि सैल कपडे. मुलांना पोट भरून आणा, भुकेलं मूल पाय धरू देत नाही. चिठ्ठीशिवाय आम्ही मुलांचा ब्रेस बनवत नाही, कितीही गळ घातलीत तरी. माप घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे आमच्याकडेही विचारा आणि इतरत्रही. मामेभावाचा जुना ब्रेस 'जरा छोटा करून' द्या म्हणून आणू नका. बूट लहान होत नाहीत, आणि दांडीची लांबी दर वेळी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीवरून नव्याने लावावी लागते. पट्टा तुटला, वेल्क्रो धरेनासं झालं, तर सोमवार ते शनिवार केव्हाही या, त्याचे पैसे घेत नाही.