योहानाचा बाप्तिस्मा आणि येशूच्या नावातला बाप्तिस्मा

इफिस शहरात येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या प्रेषित पौलाला बाराएक शिष्य भेटले. त्याने विचारलं, विश्वास धरलात तेव्हा तुम्हाला पवित्र आत्मा मिळाला का? ते म्हणाले, पवित्र आत्मा आहे हेही आमच्या कानांवर आलेलं नाही. पौलाने विचारलं, मग बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यातली दीक्षा, कोणती घेतलीत? 'योहानाचा.' त्यानंतर प्रभू येशूच्या नावात त्यांचा पुन्हा बाप्तिस्मा झाला. बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातली ही हकिकत. दोन्ही वेळा पाणीच होतं, तरी पहिलं पुरेसं ठरलं नाही.

योहान हा येशूची वाट तयार करणारा संदेष्टा. तो यार्देन नदीत देत होता तो पश्चात्तापाचा बाप्तिस्मा. लोक पापं कबूल करून पाण्यात उतरत आणि विचारत, 'आता आम्ही काय करावं?' योहानाची उत्तरं लूकने आपल्या शुभवर्तमानात नोंदवली आहेत. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या. जकातदारांनो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांनो, धाकदपटशा करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. ज्याचं पाप जिथे घडतं तिथेच योहान बोट ठेवतो, म्हणून हा उतारा मला फार मोलाचा वाटतो. पण माझ्यामागून येणारा पवित्र आत्म्याने बाप्तिस्मा करील, हेही तोच सांगत होता. त्याचं काम वाट तयार करण्याचं होतं.

'बाप्तिस्मा' हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ बुडवणं. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ही बुडी थेट कबरीशी जोडतो: पाण्यात जाणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्या पुनरुत्थानामुळे नव्या जीवनात चालू लागतो. इथे माणूस स्वतःची शुद्धी घेऊन देवापुढे उभा राहत नाही. दुसऱ्या कुणीतरी सोसलेल्या मरणात त्याला सामील करून घेतलं जातं.

गोंधळ होतो तो इथेच. 'माझा राग अजून गेला नाही, व्यसन सुटलं नाही. आधी सुधारतो, मग बाप्तिस्मा घेतो,' असं म्हणणारे मी पाहिले आहेत आणि दर वेळी जीव तुटतो. ते अजून यार्देनच्या काठावरच थांबलेले असतात. उलट, बाप्तिस्मा झाला, दाखला मिळाला, आता काही उरलं नाही असं मानणाऱ्यांचंही नुकसान तितकंच मोठं. पश्चात्ताप पुढेही चालूच राहतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529च्या लघु प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे विश्वासाच्या शिकवणीच्या छोट्या पुस्तकात, लिहिलं, की आपल्यातल्या जुन्या आदामाला, म्हणजे जुन्या पापी स्वभावाला, रोजच्या पश्चात्तापाने बुडवावं आणि रोज नव्या माणसाने वर यावं. बाप्तिस्मा मात्र एकदाच. निकेयाच्या विश्वासांगीकारातही, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या प्राचीन जाहीरनाम्यातही, 'पापक्षमेसाठी एकच बाप्तिस्मा' असंच म्हटलं आहे. बाळांना द्यावा की कळत्या वयात, यावर मंडळ्यांचं, म्हणजे वेगवेगळ्या चर्चचं, एकमत नाही. पण बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यालाही पुढे बाप्तिस्म्याचं वचन स्वतःच्या तोंडाने स्वीकारावं लागतं. कित्येक मंडळ्यांत पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री सगळे मेणबत्त्या घेऊन उभे राहतात. 'सैतानाला नाकारता काय?' असं विचारलं जातं आणि सगळे एका आवाजात म्हणतात, 'नाकारतो.'

नुकताच बाप्तिस्मा झालेला कुणी मला विचारतो, 'आता मी काय करू?' तेव्हा मी त्याला लूकच्या तिसऱ्या अध्यायाकडेच पाठवतो. अंगरख्यांपासून सुरुवात करता येते.