ज्वाळेला चकवणारे अस्तर

दाबोळीहून निघालेले विमान मुंबईच्या जवळ पोहोचायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच वेळ, म्हणजे सुमारे 53 मिनिटे, न्यूयॉर्कहून जिनिव्हाकडे उडालेल्या स्विसएअरच्या 111 क्रमांकाच्या विमानाला झाली होती, तेव्हा वैमानिकांना कॉकपिटमध्ये अनोळखी वास जाणवला. ती 2 सप्टेंबर 1998 ची रात्र होती. वास वातानुकूलन यंत्रणेतून येत असावा, असा त्यांचा समज झाला. जवळच्या हॅलिफॅक्स विमानतळाकडे वळून, उतरण्याआधी वजन कमी व्हावे म्हणून इंधन समुद्रात सोडण्याची त्यांची तयारी चालू होती. पण वास आल्यापासून अवघ्या 21 मिनिटांत ते एमडी-11 विमान कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यापासून सुमारे 8 किलोमीटरवर अटलांटिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व 229 जणांचा मृत्यू झाला.

आग लागली होती ती छताच्या वरच्या पोकळीत. तेथे तारांचे जुडगे आणि हवेचे नळ असतात, प्रवाशाची नजर कधीच पोहोचत नाही आणि त्या विमानात तेथे धूर ओळखणारे यंत्रही नव्हते. पुढच्या वर्गातील प्रवाशांसाठी बसवलेल्या करमणूक यंत्रणेच्या एका तारेवर विद्युत ठिणगी उडाल्याच्या खुणा तपासात सापडल्या.

ठिणगी उडूनही वीजप्रवाह आपोआप तोडणारा सर्किट ब्रेकर का पडला नाही, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने बटणांचे जोड गंजतात आणि पावसाळ्यात बोर्डातून चरचर ऐकू येते, पण एमसीबी, म्हणजे घरातला ब्रेकर, जागचा हलत नाही. साधा ब्रेकर तार बराच वेळ तापली किंवा प्रवाह एकदम फार वाढला तरच तुटतो. थांबत-थांबत उडणारी ठिणगी क्षणभरच टिकते, म्हणून ती त्याच्या हिशेबात येत नाही. मात्र त्या क्षणात तिचे तापमान हजारो अंशांवर गेलेले असते.

तरीही ठिणगीला पेटवायला काही मिळाले नसते, तर ती तेथेच विझली असती. तिच्याजवळ होते उष्णता आणि आवाज अडवणाऱ्या काचतंतूंच्या गाद्यांचे अस्तर, म्हणजे धातूचा मुलामा दिलेला पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. चवथीच्या मखराला चिकटवतात तसल्या चंदेरी प्लॅस्टिकची एक उरलेली पट्टी मी अंगणात चिमट्याने धरून मेणबत्तीजवळ नेली होती. ज्योत टेकण्यापूर्वीच तिची कड गोळा होऊन मागे पळाली आणि पट्टी पेटली नाही. नेमका हाच गुण घातक ठरला, असे मला वाटते. त्या काळच्या चाचणीत अस्तराची उभी टांगलेली पट्टी 12 सेकंद ज्योतीवर धरत असत. पापुद्रा आक्रसून ज्योतीपासून दूर जाई आणि उत्तीर्ण ठरे. छताच्या पोकळीत मात्र तेच अस्तर विस्तीर्ण पसरलेले असते, उष्णता साठून राहते आणि एका कडेला लागलेली आग त्यावरून सरसर पुढे जाते. 1993 मध्ये कोपनहेगन येथे जमिनीवर असलेल्या एमडी-87 विमानातही असल्याच अस्तराने पेट घेतला होता. ऑक्टोबर 1997 मध्ये विमानाच्या उत्पादकाने ते बदलण्याची शिफारस केली, पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे, आणि ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने समुद्राच्या तळातून, सुमारे 55 मीटर खोलीवरून विमानाचे अवशेष काढले आणि वजनाने सुमारे 98 टक्के भाग परत मिळवला. विमानाचा पुढचा भाग सांगाड्यावर पुन्हा उभा करण्यात आला. जळलेल्या तारांवर वितळून पुन्हा थिजलेले तांब्याचे मणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले, कारण ठिणगी नेमकी कोठे उडाली असावी याचा माग त्या मण्यांतूनच लागणार होता. या कामाला चार वर्षांहून अधिक काळ लागला आणि अहवाल 2003 मध्ये आला. वैमानिकांनी पहिल्या क्षणी वेगाने खाली उतरायला सुरुवात केली असती, तरीही आग ज्या गतीने पसरली ते पाहता विमान धावपट्टीवर सुखरूप पोहोचले नसते, असा निष्कर्ष त्यात आहे.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 2000 मध्येच अशी अस्तरे पाच वर्षांच्या आत काढून टाकण्याचा आदेश दिला आणि 2003 मध्ये गाद्यांसाठी नवी चाचणी लागू केली. तीत नमुना पेटीत आडवा ठेवून वरून उष्णतेचा मारा करतात आणि मग ज्योत लावतात. पृष्ठभागावर सगळीकडेच उष्णता असल्याने आक्रसून निसटण्याला फारसा वाव उरत नाही. आग ज्योतीच्या मध्यापासून सुमारे 5 सेंटीमीटरच्या पुढे सरकली किंवा ज्योत हटवल्यावर 3 सेकंदांहून अधिक काळ जळत राहिली, तर ते अस्तर नापास होते.