अकरावीच्या बाकावरची प्रयोगशाळा

अकरावीला मानसशास्त्र घेतलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" दुसरा प्रश्न 'स्कोप'चा असतो, तो सोडून देऊ. पहिला मात्र जरा उलटवून पाहण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं राहू दे, स्वतःच्या मनात काय चाललंय हे तरी आपल्याला नीट कळतं का? हा विषय चांगला शिकवला गेला, तर याबाबतचा मुलांचा आत्मविश्वास पहिल्या काही महिन्यांतच बराचसा ढासळतो. त्यासाठी ब्युरेट-पिपेट लागत नाहीत, आम्लाच्या बाटल्या लागत नाहीत. कागद, पेन आणि सेकंदकाटा पुरतो, कारण ज्याचा अभ्यास करायचा ती वस्तू प्रत्येक जण घरूनच घेऊन आलेला असतो.

वर्गात सर्वांत हमखास रंगणारा प्रयोग १९४८ सालचा आहे. लॉस एंजेलिसमधल्या बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहिलेला कागद दिला. हे वर्णन तुम्हाला किती लागू पडतं, ० ते ५ मध्ये गुण द्या, असं सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग उलगडा झाला, की सगळ्यांच्या हातातला कागद शब्दन् शब्द एकच होता, आणि त्यातली वाक्यं बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. 'तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून कधी कधी डळमळता', 'तुमच्यातल्या बऱ्याच क्षमता अजून वापरल्याच गेलेल्या नाहीत' अशा थाटाची. कोणाला लागू पडणार नाहीत?

हा प्रयोग वर्गात करताना शिक्षकाने दोन पथ्यं पाळावीत. कागद देताना 'दुसऱ्याचा वाचू नका, खाजगी आहे' असं बजावायचं, नाहीतर अर्ध्या मिनिटात बिंग फुटतं. आणि उलगडा झाल्यावर कोणाची टर उडू द्यायची नाही, कारण ज्याने पाचपैकी पाच दिले त्याने काहीही वेडगळ केलेलं नाही. आपण वर्णनातली जुळणारी बाजू शोधतो, न जुळणारी डोळ्याआड करतो, आणि हे करताना आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

महाराष्ट्रात याच्या पुढचं पाऊल टाकलं गेलं. ऐकणाऱ्याला पटतं म्हणजे सांगणाऱ्याला कळतं का, याची थेट परीक्षा डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवून, त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका एकेका ज्योतिषाकडे पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. फोररच्या कागदाशेजारी हे निकाल ठेवले, की 'पण मला तर अगदी तंतोतंत सांगितलं होतं' या वाक्याचं वजन किती धरायचं ते मुलं आपणहून ठरवतात.

आता जरा वाचकांकडून काम करून घेतो. पुढचे शब्द एकदाच, सावकाश वाचा, आणि मागे वळून पाहू नका: गादी, उशी, रात्र, पांघरूण, जांभई, स्वप्न, डुलकी, पलंग, घोरणं, अंगाई, थकवा, आराम, चादर, पेंग.

याच जातीच्या याद्या हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांना वाचून दाखवल्या होत्या. कल्पना त्यांच्या आधीची, जेम्स डीस यांची, १९५९ मधली. मधली बरीच वर्षं तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. यादी संपली की आठवतील ते शब्द लिहायचे, एवढंच. अंदाजाने लिहू नका, असंही सांगितलेलं होतं. तुम्हीही तेच करा. तुमच्या आठवणीत 'डुलकी' आहे का? 'चादर'? 'झोप'?

'झोप' यादीत नव्हता. वर बघून खात्री करून घ्या, आता परवानगी आहे. रोडिगर-मॅकडरमॉट यांच्या पहिल्या प्रयोगात असा न वाचलेला शब्द ४० टक्के वेळा लिहिला गेला, म्हणजे यादीच्या मधोमध असलेल्या, खरोखर वाचलेल्या शब्दांइतकाच. पुढच्या प्रयोगात हे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेलं. त्याहून चक्रावणारी गोष्ट अशी, की अनेकांना तो शब्द कानावर पडल्याचा क्षणही 'आठवत' होता. कारण साधारण असं मानतात: प्रत्येक शब्द आपल्या अर्थाच्या शेजाऱ्यांना हलकेच जागं करतो. चौदा शब्दांनी एकाच शेजाऱ्याचं दार वाजवल्यावर तो जागा होणारच. नंतर मनाला एवढंच कळतं की हा शब्द जागा होता. तो बाहेरून आला की आतूनच उठला, ही नोंद पुसट झालेली असते. मुलांना आधीच सावध केलं तरी चूक कमी होते, संपत नाही. साक्षीदार शपथेवर, अगदी प्रामाणिकपणे चुकीचं सांगू शकतो म्हणजे काय, ते वर्गाला इथे स्वतःच्या हस्ताक्षरात बघायला मिळतं.

परीक्षेच्या दृष्टीने मात्र सगळ्यांत मोलाचा प्रयोग वेगळा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापावा असं माझं मत आहे. २००६ साली रोडिगर यांनीच जेफ्री कार्पिके यांच्यासोबत विद्यार्थ्यांना एक उतारा शिकायला दिला. एका गटाने तो वाचायच्या चार फेऱ्या केल्या. त्या वेळात तो सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत तीन-चार वेळा वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत उतारा बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. चुका दाखवायलाही कोणी नव्हतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून पाहणाऱ्यांना ६१. शिकून झाल्यावर लगेच त्यांना विचारलं होतं, आठवड्यानंतर तुम्हाला हे कितपत आठवेल? सर्वांत जास्त खात्री चौदा वेळा वाचणाऱ्यांना होती.

पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर डोळ्यांना सराईत होतो आणि तो सराईतपणा आपण 'येतंय' म्हणून मोजतो. पेपरच्या आदल्या रात्री रंगीत हायलायटरने पानं भिजवणाऱ्या मुलांना हे सांगून पटत नाही. वर्गातच दोन गट करून आठवड्याने तपासलं, तर पटायची शक्यता बरी असते.

या विषयातलं सगळंच इतकं भक्कम नाही. २०१५ मध्ये शेकडो संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ शोधनिबंधांपैकी ९७ टक्क्यांत ठळक निष्कर्ष होता, पुनःप्रयोगात तो ३६ टक्क्यांतच टिकला. 'काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून' हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात अजून ऐकू येणारं वाक्यही घ्या. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा २००८ च्या एका सविस्तर आढाव्यात सापडला नाही. वर्गात हे लपवू नये. पाठ्यपुस्तकातलं एखादं विधान तपासून पाहता येतं, आणि कधी कधी ते पडतं, हे सोळाव्या वर्षी कळलेलं बरं.

तपासून पाहायला सोपा आणि आपल्याकडच्या वर्गात जास्तच रंगणारा प्रयोग जॉन रिडली स्ट्रूप यांचा, १९३५ चा. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत लिहायचा आणि शब्द न वाचता शाईचा रंग बोलायचा. जीभ अडखळते, कारण वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही. वाचता न येणाऱ्या लहान मुलाला ही अडचणच नसते. आता एकाच बाकावर मराठी माध्यमातून आलेली मुलगी आणि इंग्रजी माध्यमातून आलेला मुलगा असेल, तर दोन तक्ते करा, एक देवनागरीत, एक रोमन लिपीत. ज्या भाषेचं वाचन जास्त मुरलेलं, तिच्यात अडथळा साधारणपणे जास्त येतो. तुमच्या वर्गात तसं दिसतं का, ते सेकंदांत मोजता येईल. फक्त निम्म्या मुलांना आधी मराठी तक्ता द्या आणि निम्म्यांना आधी इंग्रजी, नाहीतर दुसऱ्या तक्त्यापर्यंत झालेला सराव तुम्ही भाषेच्या खात्यावर मांडाल. दोन्ही तक्त्यांवर रंग तेच, तितकेच आणि त्याच शायांचे हवेत. आणि वर्गात कोणाला लाल-हिरव्यातला फरक ओळखता येत नसेल, तर त्याच्या हातात घड्याळ द्या, तक्ता देऊ नका.