नेत्रदाब आणि संप्रेरके

डोळ्याच्या गोळ्याचा आकार टिकतो तो आतल्या द्रवाच्या दाबामुळे. हा दाब सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. बुबुळामागची सिलिअरी बॉडी मिनिटाला सुमारे २.५ मायक्रोलिटर नेत्रजल बनवते. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. ते बाहुलीतून पुढे येते आणि बुबुळ व पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) यांच्या कोनातल्या जाळीतून श्लेमच्या नलिकेत, तिथून शिरांत जाते. थोडे सिलिअरी स्नायूंतूनही झिरपते. आवक आणि निचरा यांचा मेळ बिघडला की दाब हलतो, आणि संप्रेरके या दोन्हींत हात घालतात.

दिवसा ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन बीटा ग्राहींमार्फत (ग्राही म्हणजे पेशीवरचे, संप्रेरकाचा निरोप घेणारे रेणू) नेत्रजलाच्या निर्मितीला जोर देतात. झोपेत ती जवळपास निम्म्यावर येते. काचबिंदूवर, म्हणजे बहुधा चढ्या दाबाने दृष्टी हिरावणाऱ्या आजारावर, दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब हेच ग्राही अडवतात, म्हणून झोपेच्या वेळी त्यांचा फारसा उपयोग होत नाही. गंमत म्हणजे ॲड्रेनॅलिनचे थेंबही पूर्वी काचबिंदूवर देत, कारण त्याने निचरा सुधारतो. निर्मिती घटूनही रात्री दाब बहुधा चढाच राहतो. आडवे झाल्यावर डोळ्याबाहेरच्या शिरांतला दाब वाढतो, हे त्याचे एक कारण.

खरा घातक खेळ कॉर्टिसॉलच्या कुळाचा. या कुळातल्या स्टिरॉइड औषधांमुळे निचऱ्याच्या जाळीत पेशींबाहेरचे द्रव्य साचते, पेशी ताठर होतात आणि वाट तुंबते. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे घातल्यास सुमारे एकतृतीयांश लोकांचा दाब थोडाफार चढतो. शंभरातल्या पाचेक जणांचा बराच. लाली जाते, खाज थांबते, म्हणून माणूस तीच बाटली महिनोन्‌महिने वापरत राहतो. दुखत काहीच नाही. औषध थांबवल्यावर दाब बहुधा उतरतो, पण दृष्टिचेतेचे, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे, मेलेले तंतू परत येत नाहीत.

प्रोस्टाग्लँडिने ही जागच्या जागी काम करणारी, संप्रेरकांसारखी द्रव्ये. ती सिलिअरी स्नायूंतली वाट मोकळी करतात. १९९६पासून वापरात असलेले लॅटॅनोप्रोस्ट हे दाब उतरवणारे औषध याच तत्त्वावर चालते. गरोदरपणात दाब किंचित उतरतो, रजोनिवृत्तीनंतर किंचित चढतो. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचा वाटा मानला जातो.

ग्रेव्ह्ज या थायरॉइड ग्रंथीच्या आजारात मात्र थायरॉइड संप्रेरकाला थेट दोष देता येत नाही. तिथे प्रतिकारशक्तीच्या गोंधळाने डोळ्यामागचे स्नायू सुजून आखडतात. वर पाहताना ते गोळ्याला आवळतात. समोर पाहताना आणि वर पाहताना दाब मोजला तर आकड्यांतला फरक लगेच दिसतो.