थर्टी-थर्टी की थर्टी-झिरो-सिक्स? आखूड लिव्हरवाल्या रायफलीसाठी नेमकं काय घ्यावं

मागच्या हप्त्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो टेक्सासला असतो, आता तिकडचाच नागरिक झालाय, आणि त्याच्या एका मित्राच्या शेतात डुकरांनी पार नांगरून ठेवलंय म्हणे, तं त्याला आखूड नळीची लिव्हर-ॲक्शन रायफल (चापाखालचा दांडा खालीवर करून काडतूस भरायची) घ्यायची आहे. म्हणे, "काकाजी, दुकानदार थर्टी-थर्टी दाखवून राह्यला, अन् माझा मित्र म्हणते थर्टी-झिरो-सिक्स घे, ताकद जास्त आहे. दोन्ही तीसच ना, मग फरक कायचा?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय, आणि आमच्या घरी या घोटाळ्याची एक जुनी गोष्टही आहे, ती पुढे सांगतो. थर्टी-थर्टी अन् थर्टी-झिरो-सिक्स ही रायफलीच्या काडतुसांची नावं. आधी त्यातल्या आकड्यांचं पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं ३० म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तं त्यातले तीस, म्हणजे नळीचं भोक, साधारण ७.६ मिलिमीटर. गोळी त्याहून किंचित जाड असते, ०.३०८ इंच, कारण नळीतल्या आट्यांनी तिला घट्ट पकडून गरगर फिरवायचं असतं. इथपर्यंत दोघं सख्खे भाऊ, गोळीची जाडीसुद्धा सारखीच. खरा फरक दुसऱ्या आकड्यात आहे. थर्टी-थर्टीतलं दुसरं ३० म्हणजे दारूचं वजन, ३० ग्रेन, आपल्या हिशेबात दोन ग्रॅमच्या जरा खाली, हे काडतूस १८९५ मध्ये निघालं तेव्हा त्यात एवढी बिनधुराची दारू भरायचे. आणि थर्टी-झिरो-सिक्समधलं ०६ म्हणजे चक्क साल आहे, १९०६, अमेरिकेच्या फौजेनं ते काडतूस स्वीकारलं ते वर्ष. म्हणजे एकात वजन लिहिलंय अन् दुसऱ्यात तारीख, या दोन आकड्यांची तुलना करून कोणती भारी हे कसं ठरवणार?

आपल्याकडे तं आणखी गंमत, कारण आपल्या लोकांना सवय बारा बोरची. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या पाडल्या तं त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर, म्हणून तिथं आकडा वाढला की भोक लहान होतं, वीस बोर बारापेक्षा बारीक. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ रायफल घ्या, ती परत इंचातच, ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. तीन बंदुकांवर तीन रीतीचे आकडे, त्यामुळं माणूस चुकला तं त्याचा दोष नाही.

आता दोन्ही काडतुसं तळहातावर शेजारी ठेवा. थर्टी-थर्टीचं पितळी खोकं ५२ मिलिमीटर लांब, थर्टी-झिरो-सिक्सचं ६३. गोळीसकट मोजलं तं एक ६५ च्या आसपास अन् दुसरं ८५, म्हणजे दोन सेंटिमीटरचा फरक. बुडाकडं पाहिलं तं थर्टी-थर्टीला खिळ्याच्या डोक्यासारखा बाहेर आलेला काठ आहे, झिरो-सिक्सला तो नाही, तिथं नुसती खाच कोरलेली. अन् आतला दाब? थर्टी-थर्टीची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ४२ हजार पौंड, झिरो-सिक्सची ६० हजार. १५० ग्रेनची म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी एकातून सेकंदाला २४०० फुटांच्या जवळ जाते, दुसऱ्यातून २९०० च्या. नळीच्या तोंडाशी ताकद मोजली तं एक २६०० ज्यूलच्या आसपास, दुसरं ३८०० च्या, म्हणजे झालं जवळजवळ दीडपट. पुतण्याचा मित्र इथपर्यंत खोटं बोलत नाही.

पण प्रश्न नुसत्या काडतुसाचा नाही, आखूड लिव्हरवाल्या रायफलीचा आहे, आणि तिथं सगळं उलटं फिरतं.

थर्टी-थर्टी ज्या रायफलीसाठी निघाली ती विंचेस्टर कंपनीची १८९४ ची, जॉन ब्राउनिंगनं काढलेली, आजवर ७० लाखांच्या वर बनल्या. तिची नेहमीची कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल घ्या, नळी २० इंच, वजन तीन किलोच्या आसपास, एका हातात मधोमध धरून झुडपातून चालता येतं अशी. चापाखालचा लिव्हर खाली ओढला की रिकामं खोकं बाहेर, वर केला की नवीन काडतूस आत. हा लिव्हर मागच्या लोखंडी खोबणीत जेवढा हलतो तेवढ्याच लांबीचं काडतूस वर उचललं जातं, आणि ती खोबण थर्टी-थर्टीच्या मापाची आहे. ८५ मिलिमीटरचं झिरो-सिक्स त्यात आडवंसुद्धा बसत नाही, अन् बसवलं असतं तरी ६० हजारांचा दाब सोसायला ती रायफल बनलेली नाही.

दुसरी गोष्ट मॅगझिनची, म्हणजे रायफलीत काडतुसं साठवायच्या जागेची, अन् ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण इथं चूक झाली तं हात जाऊ शकतो. या रायफलीत काडतुसं नळीच्या खाली दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात, मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं, आणि बुडाच्या मधोमध टोपी असते, जिच्यावर सुई आपटली की बार होतो. आता टोक टणक अन् अणकुचीदार असलं आणि बाराच्या धक्क्यानं सगळी रांग मागेपुढे आदळली, तं ते टोकच सुईचं काम करू शकतं. म्हणून थर्टी-थर्टीच्या गोळ्या चपट्या किंवा बोथट नाकाच्या असतात. चपटं नाक हवा नीट कापत नाही, लवकर मंदावतं, त्यामुळं लांबचा पल्ला कमी होतो. हॉर्नाडी कंपनीनं मऊ लवचिक टोकाची टोकदार गोळी काढली आहे ती या खालच्या नळीतही चालते, पल्ला थोडा वाढतो, पण ती खास त्याचसाठी बनवलेली असते, दुसरी कुठलीही टोकदार गोळी नळीत भरू नका, कोणी कितीही सांगो. झिरो-सिक्सच्या गोळ्या मात्र बहुतेक टोकदारच, कारण त्या रायफलीत काडतुसं पेटीत एकावर एक बसतात, टोक कोणाच्या बुडाला लागत नाही.

मग झिरो-सिक्सची लिव्हर रायफल बनतच नाही का? बनते. ब्राउनिंगनंच विंचेस्टरसाठी १८९५ चं मॉडेल काढलं होतं, खाली नळीच्या जागी पेटीचं मॅगझिन, त्यात पुढे झिरो-सिक्स आलं. आजही ब्राउनिंग कंपनीची बीएलआर नावाची लिव्हर रायफल त्या काडतुसात मिळते. चांगल्या रायफली आहेत, नाव ठेवायला जागा नाही. पण त्या आखूड नाहीत, लांब काडतुसाला लांब खोबण लागते अन् नळीही २२-२४ इंची लागते. झिरो-सिक्समध्ये दारू भरपूर, ती पूर्ण जळायला नळीत वाट पाहिजे, नळी कापत गेलात तं दर इंचाला सेकंदाचे वीस-पंचवीस फूट हातचे जातात आणि उरलेली दारू नळीच्या तोंडाबाहेर जाळ होऊन जळते. रात्रीच्या अंधारात तो भडका डोळ्यासमोर झाला की पुढचं मिनिटभर काही दिसत नाही, डुक्कर पडलं की पळालं की तुमच्याचकडं वळलं, काही कळत नाही. जखमी डुक्कर काय करते हे आमच्या गावात कोणाला सांगायला नको. वर हलक्या रायफलीत खांद्याला झटका बसतो तो वेगळाच, थर्टी-थर्टीच्या दीडपट तरी धरा.

आता घरची गोष्ट. आमच्या गावच्या मालगुजारांकडे १८९४ ची विंचेस्टर होती, आणि तिची साफसफाई, तेलपाणी आमच्या आबाजींकडे. हे १९७२ च्या कायद्याच्या आधीचं, तेव्हा शिकारीचे परवाने निघायचे. एकदा काडतुसं संपली तं मालगुजारांनी एका माणसाला नागपूरला पाठवलं, चिठ्ठी न देता, नुसतं तोंडी, "तीसचे काडतूस आण." तो बिचारा दिवसभराचा प्रवास करून डबी घेऊन आला, आबाजींनी उघडली अन् पाहताक्षणी म्हणाले, "हे तं लांबडे हायेत, हे आपले नोहे." मालगुजारांचा एक पाहुणा हट्टाला पेटला, ठोकून बसव म्हणे. आबाजींनी रायफल उचलून आत नेऊन ठेवली आणि दोन दिवस कोणाला दिली नाही. मालगुजाराच्या पाहुण्याला असं नाही म्हणायला त्या काळात छाती लागायची, आणि मला आबाजींचा अभिमान वाटतो तो यासाठीच. पुढे त्यांनी एक रिकामं खोकं दोऱ्यात ओवून रायफलीच्या कोनाड्यात टांगलं, नवीन डबी आली की त्याच्याशी माप लावूनच आत घ्यायची.

उलटी चूकही तेवढीच वाईट. थर्टी-थर्टीचं काडतूस झिरो-सिक्सच्या घरात (नळीच्या बुडाशी काडतूस बसायची जागा) आखूड पडते, बुडाचा काठ बोल्टला अडतो. जिथं काडतूस सहज सरकत नाही तिथं जोर लावायचाच नाही, हा नियम दोन्हीकडे सारखा.

पल्ल्याचं बोलू. शंभर यार्डावर नेम बसवलेला असला तं दोनशेवर थर्टी-थर्टीची गोळी साधारण वीस-बावीस सेंटिमीटर खाली उतरते, झिरो-सिक्सची त्याच्या निम्म्यानंच. तीनशेवर थर्टी-थर्टी पाऊण मीटर खाली, म्हणजे तिथं ती वापरायचीच नाही. पण डुक्कर तीनशे यार्डावर कोण पाहते? तुरीत, धानाच्या बांधीत, नाल्याच्या काठानं ते दिसते तेव्हा पन्नास-साठ पावलांवर असते, पुतण्या म्हणतो टेक्सासच्या काटेरी झुडपातही तसंच आहे. त्या अंतरावर थर्टी-थर्टीची १७० ग्रेनची गोळी मोठ्या दातेल्याच्या खांद्यावरची जाड चिवट कातडी फोडून आत जाते. त्याहून जास्त ताकदीचं तिथं काही काम नाही, उलट ती गोळी आरपार निघून मागं कुठं जाईल याची काळजी. आपल्याकडे सपाट शिवार, मागं टेकडी नाही, कोणी मचानावर जागलीला बसलेलं, कोणी रात्रीच्या लाईनवर मोटर चालू करायला विहिरीवर गेलेलं. रायफलीची गोळी, मग कोणतीही असो, मातीत शिरली नाही तं किलोमीटरच्या किलोमीटर जाते. झिरो-सिक्स आणखी लांब.

एका जनावरासाठी मात्र मी माझा सल्ला बदलतो, ते म्हणजे रोही, म्हणजेच नीलगाय. टेक्सासच्या दक्षिणेला आपलेच रोही आहेत, किंग रँचवाल्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी नेऊन सोडले, ते तिथं इतके वाढले की आता मोकाट कळप आहेत अन् त्यांची शिकार चालते. ज्यानं नर रोही जवळून पाहिलाय त्याला माहीत आहे, दोनशे किलोच्या वरचं धूड, मानेची अन् छातीची कातडी भयानक जाड, आणि गोळी लागूनही दूरवर पळणारं. तिथलं रान मोकळं, अंतर जास्त. तिथं थर्टी-थर्टी नेणं म्हणजे जनावराला हाल करून मारणं आहे, अन् ते मला पटत नाही. रोहीसाठी झिरो-सिक्स कमीत कमी, पण मग पूर्ण लांबीच्या रायफलीत, चांगल्या दुर्बिणीसकट. पुतण्याला मी हेच सांगितलं, डुकरासाठी आखूड रायफल घेतो तं थर्टी-थर्टी, रोही मारायचा विचार असला तं ती दुसरी रायफल, एकात दोन बसवायला जाऊ नको.

त्यानं मग ३५७ अन् ४४ मॅग्नमचंही विचारलं. ती मूळची रिव्हॉल्व्हरची काडतुसं, आखूड लिव्हर रायफलीत गोड चालतात, झटका कमी, पण जड डुकरासाठी ३५७ मला हलकं वाटते, ४४ ठीक, तेही शंभर यार्डाच्या आत.

आपल्या इकडच्यांसाठी एक सांगतो, कारण व्हिडिओ पाहून पोरं विचारतात. इथं वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला किंवा रोह्यालाही वनविभागाची लेखी परवानगी असल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. रात्रभर जागून सकाळी लोळवलेलं हरभऱ्याचं वावर पाहिलं की जीव किती जळतो ते मला माहीत आहे, माझं स्वतःचं गेलंय, पण कागद हातात आल्याशिवाय बार काढू नका. आपल्या शेतकऱ्याकडं असते बारा बोर किंवा जुनी भरमार (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक), फार तं ३१५, आणि विदेशी लिव्हर रायफल दिसली तं ती वाडवडलांच्या काळातलीच.

अशी जुनी रायफल कोणाच्या घरी वारसाहक्कानं परवान्यावर आली असेल तं नळीवरचा शिक्का नीट वाचा. नुसतं "३० डब्ल्यूसीएफ" लिहिलं असलं तं ते थर्टी-थर्टीच, विंचेस्टरचं ते मूळ नाव, मार्लिन कंपनीला आपल्या रायफलीवर दुसऱ्याचं नाव नको होतं म्हणून तिनं थर्टी-थर्टी म्हणणं सुरू केलं. पेटीवाल्या १८९५ च्या मॉडेलवर "३० गव्हर्नमेंट ०६" असलं तं ते झिरो-सिक्स. आणि त्याच मॉडेलवर "३० आर्मी" असलं तं ते दोन्ही नाही, ते ३०-४० क्रॅग, तिसरंच काडतूस. शिक्का घासून गेला असेल, वाचता येत नसेल, तं परवानाधारक बंदूक कारागिराकडून घराचं माप काढून घ्या, आणि तोवर त्यात काहीच भरू नका.